एक घर, तीन इयत्ता

"तुमची मुलं कोणत्या शाळेत?" या प्रश्नाला "घरीच शिकतात" असे उत्तर दिले की समोरच्याचा चेहरा बदलतो. काहींना वाटते, यांना फी परवडत नसावी. काहींना वाटते, हे फारच दीनदार झालेले दिसतात. आईवडिलांनी रात्र-रात्र बसून, कागद-पेन्सिल घेऊन, तीन मुलांसाठी तीन वेगवेगळे निर्णय घेतले असतील, हे फारसे कोणाच्या मनात येत नाही. या मासिकाच्या वाचक असलेल्या दोघी-तिघींनी मात्र नेमके तेच विचारले: "तिघांची वयं वेगळी. मग अभ्यासक्रम कसा निवडलास?" त्यांना फोनवर तुकड्या-तुकड्यांनी जे सांगितले, ते इथे सलग लिहिते.

आम्ही नेऱ्याला राहतो. पनवेलहून माथेरानच्या डोंगराकडे निघालात की वाटेत हे गाव लागते. जवळून गाढी नदी वाहते, समोर प्रबळगड दिसतो आणि भातशेतांच्या मधोमध आता नव्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. अशाच एका इमारतीत आमचे घर आहे. मुलांचे अब्बा बंदराकडे कंटेनरच्या कामाला जातात, पाळी बदलेल तशी त्यांची वेळ बदलते. घरात सासूबाई, आम्ही दोघे आणि तीन मुले: थोरली १३ वर्षांची, मधला ९ चा आणि धाकटी ६ ची. शाळेच्या भाषेत आठवी, चौथी आणि पहिली.

सुरुवात मधल्यामुळे झाली. तिसरी संपली तरी त्याला सलग चार ओळी वाचता येत नव्हत्या. पाठ करून घेतलेला धडा धडाधड म्हणायचा, पण पान उलटले की गप्प. वर्गात मुले इतकी, की बाईंनी तरी कोणाकोणाकडे पाहायचे! एक वर्ष त्याला घरी ठेवून वाचन पक्के करून घ्यावे, असे आम्ही ठरवत होतो, तेव्हा थोरली म्हणाली, "अम्मी, मग मलाही घरीच शिकव." ती पनवेलला उर्दू शाळेत जात होती. जाण्यायेण्यात रोज दोन-अडीच तास मोडत, पावसाळ्यात त्याहून जास्त. धाकटीचे नाव अजून पहिलीत घालायचे होते. असे करता करता तिघेही घरी आले आणि २०२५ च्या जूनपासून आमच्या बैठकीच्या खोलीत तीन इयत्ता भरू लागल्या.

आधी कायदा, मग पुस्तके

पुस्तके घेण्याआधी आम्ही शिक्षण हक्क कायदा वाचला. हा कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला. ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत दाखल करणे हे त्यात पालकाचे कर्तव्य म्हटले आहे. ते न केल्यास पालकाला दंड किंवा शिक्षा मात्र सांगितलेली नाही आणि घरी शिकवण्याचा उल्लेखही नाही. म्हणजे घरशाळेला या कायद्यात स्पष्ट परवानगी नाही आणि स्पष्ट मनाईही नाही. घरी शिकवणाऱ्याने हे डोळे उघडे ठेवून समजून घ्यावे.

याच कायद्याचे चौथे कलम मला फार महत्त्वाचे वाटते. शाळेत कधी न गेलेल्या किंवा मध्येच शाळा सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे राहिलेले भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचाही हक्क असतो. म्हणजे परतीचे दार उघडे आहे. उद्या आजारपण आले, पैशाची ओढाताण झाली किंवा मुलालाच घरी नको वाटले, तर त्याला पुन्हा शाळेत जाता येते. म्हणून शाळा सोडल्याचे दाखले, जन्मदाखले, आधार कार्डे आणि गुणपत्रिका एका फायलीत घालून कपाटात ठेवल्या. घरशाळेचे पहिले पुस्तक म्हणजे ही फाईल, असे मी गमतीने म्हणते.

तीन पेट्या की तीन प्रश्न?

घरी शिकवणाऱ्यांसाठी तयार अभ्यासक्रम विकत मिळतात. एका इयत्तेची एक पेटी: पुस्तके, कृतीपत्रिका आणि रोजचे वेळापत्रक. एका मुलासाठी ते सोयीचे असेलही. आमच्या घरी तीन पेट्या आल्या असत्या आणि आई एकच. सकाळी नवापासून संध्याकाळपर्यंत मी एका पेटीतून दुसऱ्या पेटीत उड्या मारत राहिले असते.

त्यामुळे आम्ही कोणते पुस्तक चांगले, हा प्रश्न बाजूला ठेवला. प्रत्येक मुलासाठी एकच गोष्ट विचारली: याच्यापुढचे दार कोणते आणि ते किती लांब आहे? धाकटीपुढे लांबवर काहीच नाही, तिला अजून खेळत शिकायचे आहे. मधल्याचे दार अगदी नाकासमोर आहे, ते म्हणजे वाचन. थोरलीचे दार अडीच-तीन वर्षांवर आहे, ते म्हणजे दहावी. एकदा हे कागदावर उतरल्यावर पुस्तके आपोआप ठरत गेली.

पाया म्हणून बालभारतीची पुस्तके घेतली. १९६७ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या या संस्थेची पुस्तके स्वस्त आहेत, संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात आणि मराठी, उर्दू, इंग्रजी अशा अनेक माध्यमांत मिळतात. उद्या मूल कोणत्याही सरकारी किंवा अनुदानित शाळेत परत गेले, तर बाकावरच्या शेजाऱ्याच्या हातातही तेच पुस्तक असेल.

धाकटी: एका वेळी एक लिपी

आपल्या मुलांवर लिप्यांचा भार इतरांपेक्षा जास्त असतो. कायदा आणि उर्दू उजवीकडून डावीकडे, मराठी आणि इंग्रजी डावीकडून उजवीकडे. सहा वर्षांच्या मुलीपुढे हे सगळे एकदम मांडले, तर तिने कोणत्या टोकाला बोट ठेवायचे?

फजरनंतर ती दादीजवळ बसून नूरानी कायदा वाचते, तो तिचा पहिला धडा. त्याशिवाय वर्षभर लिहायला-वाचायला फक्त देवनागरी. इंग्रजी आणि उर्दू ऐकायची, बोलायची, पण लिहायची घाई नाही. २०२५-२६ पासून राज्यात पहिलीची नवी पुस्तके आली आहेत, ती तिच्यासाठी घेतली. गणितासाठी चिंचोके, खडे आणि सासूबाईंचा पानाचा डबा पुरतो. दहाचा गठ्ठा बांधायचा, सोडायचा, पुन्हा बांधायचा. तिच्यासाठी माझा दिवसाचा एक तास पुरतो. उरलेल्या वेळी ती भावाबहिणीच्या अभ्यासाच्या कडेकडेने फिरत असते आणि कोणी न शिकवलेल्या चार गोष्टी उचलते.

मधला: पुन्हा अक्षरापासून

मधल्यासाठी चौथीची पुस्तके आणली खरी, पण पहिले चार महिने भाषेचे पुस्तक उघडलेच नाही. आधी त्याचे वाचन नेमके कुठे अडते, ते पाहिले. मुंबईच्या वस्त्यांतून कामाला सुरुवात केलेल्या 'प्रथम' संस्थेची एक साधी चाचणी आहे, 'असर'च्या सर्वेक्षणात २००५ पासून वापरतात ती. त्यात अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. एका मुलाला दहा मिनिटेही लागत नाहीत. आमचा मुलगा शब्दांपर्यंत आला आणि परिच्छेदाला थांबला.

उपाय मिळाला तो कायद्यातूनच. हा मुलगा अरबी मात्र सावकाश, पण बिनचूक वाचत होता. का, म्हणून मी शेजारी बसून पाहिले. कायद्यात आधी सुटे अक्षर, मग जोडलेले अक्षर, मग जबर-जेर-पेश, आणि एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची नाही. अंदाजाने वाचायला वावच नसतो. मराठीत तो चित्र पाहून आणि पहिले अक्षर धरून अंदाज करायचा. पहिली वेलांटी तर त्याची वैरीण. लिहायची अक्षराच्या आधी, उच्चारायची अक्षरानंतर. 'किती' म्हणताना तो दर वेळी अडखळायचा.

मग देवनागरीलाही कायद्याची शिस्त लावली. एक आठवडा काना, एक आठवडा पहिली वेलांटी, आणि जोडाक्षरे सगळ्यात शेवटी. रोज वीस मिनिटे, एकही दिवस सुटी नाही. सोबत प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वरच्या गोष्टी. त्या पातळीनुसार लावलेल्या आहेत, मराठीत आहेत, उर्दूतही आहेत आणि फुकट आहेत. दिवाळीच्या सुमारास त्याने पहिल्या पातळीची एक गोष्ट धाकटीला वाचून दाखवली. आता जोडाक्षरांत आहे. 'प्रश्न' आणि 'स्वच्छ' अजून त्रास देतात.

गणित आणि परिसर अभ्यास मात्र वाचनासाठी अडवून ठेवले नाहीत. ते मी वाचून दाखवते आणि तो तोंडी उत्तरे देतो. त्यात तो त्याच्या वयाच्या मुलांच्या बरोबरीने आहे. अध्ययन अक्षमतेची तपासणीही करून घेणार आहोत. तसे निदान आणि प्रमाणपत्र असेल, तर पुढे दहावीला जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. लाज वाटून ही तपासणी टाळणारे पालक मी पाहिले आहेत. चष्म्याची लाज वाटत नाही, मग याची का वाटावी?

तिघांचे मिळून

काही विषय इयत्तेप्रमाणे वेगळे करण्याची गरजच नसते. आम्ही ते एकत्र घेतो, फक्त काम वयाप्रमाणे वेगळे देतो.

पावसाळ्यात विषय होता गाढी नदी. धाकटीने नदीकाठचे गोटे लहान-मोठे असे लावले. मधल्याने नकाशा काढला: नदी माथेरानच्या डोंगरातून येते, देहरंगच्या धरणाचे पाणी पनवेलला जाते आणि नदी पुढे पनवेलच्या खाडीला मिळते. थोरलीने आठ दिवस पाण्याची पातळी पुलाच्या खांबावरच्या खुणेने टिपली आणि आलेख काढला. चौथीला 'शिवछत्रपती' आहे, तर प्रबळगड खिडकीतून दिसतो. त्याचे जुने नाव मुरंजन, हे मधल्याला आता पाहुण्यांना सांगायला आवडते. थोरलीच्या इतिहासात १९४२ चे आंदोलन आले, तेव्हा सगळे मिळून गोवा रस्त्यावरच्या तारा गावी युसूफ मेहेरअली सेंटरला गेलो. 'भारत छोडो' ही घोषणा ज्यांनी सुचवली, त्यांच्या नावाची संस्था आपल्या तालुक्यात आहे, हे मुलांना पुस्तकातून कळले नसते.

वेळापत्रक सोपे आहे. सकाळी कुरआन. नऊ ते साडेदहा मधला, कारण त्याला माझी गरज सर्वांत जास्त. त्यानंतर तासभर धाकटी. दुपारी जेवणानंतर अर्धा तास मी मोठ्याने गोष्ट वाचते, ती तिघांसाठी आणि दादीसाठीही. चारनंतर थोरली आणि मी. संध्याकाळी खाली मैदानात गावातली मुले असतात. भात कापून झाले की शेतेच मैदाने होतात. "मुलं एकटी पडतील" ही काळजी त्या वेळी खिडकीतून खाली पाहिले की मिटते.

थोरली: जिच्यासाठी सर्वांत जास्त जपावे लागते

मुलांना घरी शिकवणार म्हटल्यावर टीका होईल, हे गृहीत होते. मला घाबरवले ते कौतुकाने. नात्यातल्या एक बाई भेटायला आल्या आणि थोरलीकडे पाहून म्हणाल्या, "बरं केलंस. मुलगी मोठी झाली, आता घरातच बरी. कामही शिकेल." मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "दुपारी तिचा अभ्यास असतो. कामाला मी आहे." सासूबाई स्वतः चौथीपर्यंत शिकलेल्या.

त्या बाईंचे वाक्य मी पूर्वीही ऐकले होते. माझ्या मोठ्या बहिणीची शाळा सातवीनंतर सुटली, तेव्हा घरात हेच म्हटले गेले: घरीच शिकेल. कोणाच्या मनात वाईट नव्हते. अब्बांनी पुस्तकेही आणून दिली. पण त्या पुस्तकांना ना वेळ होती ना परीक्षा. कोणी विचारणारे नव्हते. आधी दुपारचा अभ्यास गेला, मग सकाळचा. दोन वर्षांनी ती पुस्तके माझ्याकडे आली आणि तिची मेहंदी ठरली. आज ती आपल्या मुलींना पोहोचवायला रोज शाळेच्या फाटकापर्यंत जाते.

म्हणून थोरलीचा अभ्यासक्रम आम्ही शेवटाकडून सुरुवातीकडे आखला. शेवटी काय, तर दहावीची परीक्षा. तिथे दोन वाटा होत्या.

पहिली वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची. १९८९ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेची परीक्षा वर्षातून दोनदा होते, दहावीसाठी वय १४ पूर्ण लागते, विषय निवडता येतात, एकेक विषय सोडवत जाता येते. उर्दू आणि मराठी माध्यमही आहे. आजारी मुलांना, हिफ्ज करणाऱ्यांना किंवा मध्येच शिक्षण सुटलेल्यांना ही वाट फार मोलाची आहे. दुसरी वाट आपल्या राज्य मंडळाची: खासगी विद्यार्थी म्हणून १७ नंबरचा फॉर्म भरून सगळ्यांबरोबर बसायचे. फॉर्म परीक्षेच्या कितीतरी महिने आधी भरावा लागतो, शाळा सोडल्याचा दाखला लागतो आणि नेमून दिलेल्या शाळेशी संपर्क ठेवावा लागतो.

आम्ही दुसरी वाट धरली. तिची तयारी सातवीपर्यंत बालभारतीच्याच पुस्तकांवर झाली आहे आणि पुढे अकरावीचा प्रवेश इथेच घ्यायचा आहे. तिने २०२८ च्या फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षेला बसायचे ठरले आहे. ती परीक्षा कोणाही नातलगाच्या म्हणण्याने पुढे जाणार नाही, आणि मला तेच हवे होते. मधल्यासाठी राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवी आणि आठवीच्या परीक्षाही आहेत, पण त्याचा विचार पुढच्या वर्षी.

माध्यम तिचे तिने निवडले. परीक्षा उर्दूतून, पण गणित आणि विज्ञानाचे मराठी पुस्तकही शेजारी उघडे. एकच पान दोन भाषांत समोर असले की मुसल्लस म्हणजे त्रिकोण, जाविया म्हणजे कोन, रकबा म्हणजे क्षेत्रफळ, हे वेगळे पाठ करावे लागत नाही. तिसऱ्या रकान्यात ती इंग्रजी शब्द लिहिते. ही वही अकरावीत माध्यम बदलल्यावर उपयोगी पडेल. उर्दू शाळेतल्या अनेक हुशार मुली तिथेच अडखळतात, त्यांना विषय येतो, पण त्याचे शब्द परके असतात.

घरासाठी तीन नियम केले. पहिला, नऊ ते बारा थोरलीला कोणी हाक मारायची नाही. पाहुणे आले तरी चहा मी करते. दुसरा, ती धाकट्यांची शिक्षिका नाही. हौसेने शिकवले तर शिकवले, पण तिच्या जिवावर माझी घरशाळा चालवायची नाही. थोरल्या मुलीचा वेळ घरात सगळ्यांत आधी खर्च होतो, म्हणून हे लिहून ठेवावे लागते. तिसरा, आठवड्यातून निदान तीनदा तिने शिकण्यासाठी घराबाहेर पडायचे. सध्या दोनदा ती विज्ञान आणि इंग्रजीच्या शिकवणीसाठी पनवेलला जाते आणि एकदा वाचनालयात.

सावित्रीबाई फुले घरीच ज्योतिरावांकडून शिकल्या आणि पुढे शिक्षिका म्हणून पुण्याच्या रस्त्यावर उतरल्या. फातिमा शेख त्यांच्या सोबत होत्या. बंगालच्या रुकय्या बेगम रात्री भावाकडून बंगाली-इंग्रजी शिकल्या आणि १९११ मध्ये त्यांनी कोलकात्यात मुस्लिम मुलींची शाळा काढली. घरात झालेले शिक्षण त्यांना बाहेर घेऊन गेले. आपल्या घरातले शिक्षण मुलीला बाहेर नेते आहे की आत बसवते आहे, हे ओळखायला माझ्याकडे तेवढे एकच माप आहे.

दर मार्चमध्ये

हा निर्णय कायमचा नाही. दर मार्चमध्ये तिघांना वेगवेगळे बसवून विचारायचे, असे आम्ही ठरवले आहे: पुढचे वर्ष घरी की शाळेत? धाकटीला गावातल्या मुलींबरोबर शाळेत जायचे आहे, असे ती आताच सांगू लागली आहे. बहुधा ती जाईल. मधला आणखी एक वर्ष राहील. थोरली म्हणते, "नववीचं मार्चमध्ये सांगते." तिला शाळेत परतायचे असेल तर तिचा दाखला फायलीत आहे आणि घरी राहायचे असेल तर पुस्तके आहेत. दोन्हीकडून दहावी सुटणार नाही.

ज्या भगिनी घरशाळेचा विचार करत आहेत, त्यांना एवढेच सांगेन. पुस्तकांची यादी मागण्याआधी प्रत्येक मुलाच्या नावाचा एकेक कागद घ्या. त्यावर त्याचे पुढचे दार लिहा आणि शक्य असेल तिथे तारीखही लिहा. मुलगी असेल, तर तारीख नक्की लिहा आणि तो कागद घरातल्या सर्वांना दिसेल असा लावा. अल्लाह आपल्या मुलांच्या इल्ममध्ये बरकत देवो. आमेन.